एटिमऑनलाइन : कठीण इंग्रजी शब्द मुळापासून शिकताना

उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छिणारे, स्पर्धा परीक्षांच्या तयारीत असलेले किंवा केवळ चांगले इंग्रजी वाचता यावे अशी इच्छा बाळगणारे आपल्याकडचे विद्यार्थी कठीण शब्द शिकण्यासाठी आजही बहुतांशी एकच मार्ग धरतात, तो म्हणजे शब्दांची यादी आणि प्रत्येक शब्दासमोर एका ओळीचा मराठी अर्थ. यादी वर्णानुक्रमे लावलेली असते. त्यामुळे एकापाठोपाठ येणाऱ्या दोन शब्दांचा पहिल्या अक्षरापलीकडे काही संबंध नसतो आणि आज पाठ केलेले शब्द पुढच्या आठवड्यात आठवत नाहीत. जीआरई या परदेशी विद्यापीठांतील प्रवेशासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या हे प्रश्नप्रकार 2011 मध्येच काढून टाकण्यात आले व वाक्याच्या संदर्भात नेमका शब्द निवडण्यावर भर आला, तरी याद्या घोकण्याची सवय काही सुटलेली नाही. या घोकंपट्टीतून ज्यांना बाहेर पडायचे आहे, त्यांना मी इंग्रजी शब्दांची व्युत्पत्ती, म्हणजे शब्दाचे मूळ आणि त्याचा प्रवास, सांगणाऱ्या एटिमऑनलाइन या संकेतस्थळाची शिफारस करतो. मराठी माध्यमातून आलेल्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवताना मी ते नियमित वापरतो. त्याचे गुण मोठे आहेत. मर्यादाही आहेत आणि त्या माहीत नसल्या तर विद्यार्थ्याचे नुकसान होऊ शकते, म्हणून येथे दोन्ही सविस्तर लिहीत आहे.

ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी असे या संकेतस्थळाचे पूर्ण नाव आहे. अमेरिकेतील पेनसिल्वेनिया राज्यातल्या लँकेस्टर येथील डग्लस हार्पर यांनी या शतकाच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांत ते उभे करण्यास प्रारंभ केला. वृत्तपत्राच्या संपादन विभागात काम केलेल्या आणि इतिहासावर लिहिणाऱ्या या गृहस्थांनी ऑक्सफर्डच्या महाकोशासह अनेक प्रमाण कोशांतील माहिती एकमेकींशी ताडून, ती थोडक्यात आणि सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत मांडली आहे. ऑक्सफर्डचा महाकोश पूर्ण स्वरूपात वाचायचा तर वर्गणी भरावी लागते, ती आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची असते. एटिमऑनलाइनवर शब्द शोधण्यासाठी पैसे पडत नाहीत. पानांवर जाहिराती दिसतात, हा त्याचा मोबदला समजावा.

एखादा शब्द शोधला की त्याची नोंद एका ठरलेल्या पद्धतीने उलगडते. आधी शब्द आणि तो नाम आहे, विशेषण आहे की क्रियापद; मग तो इंग्रजी लेखनात प्रथम कोणत्या काळात सापडतो तो काळ, बहुधा दशकाच्या किंवा शतकाच्या रूपात; मग त्या काळचा अर्थ; आणि मग तो शब्द ज्या ज्या भाषांतून प्रवास करीत इंग्रजीत आला त्या भाषा मागे मागे जाणाऱ्या क्रमाने. नोंदीच्या शेवटी त्याच कुळातील इतर नोंदींचे दुवे असतात, आणि बऱ्याच शब्दांच्या बाबतीत एक दुवा थेट मूळ धातूच्या पानावर नेतो. ही धातूंची पाने या संकेतस्थळाचे सर्वांत मौल्यवान अंग आहे असे मी मानतो आणि त्यांचे मोल मराठी वाचकाला विशेष कळावे अशी परिस्थिती आहे.

उदाहरणादाखल 'प्रीकोशस' हा शब्द घेऊ. वयाच्या मानाने फार लवकर बुद्धीची किंवा गुणांची वाढ झालेल्या मुलासाठी हे विशेषण वापरले जाते आणि कठीण शब्दांच्या जवळपास प्रत्येक यादीत ते असते. एटिमऑनलाइनवरील नोंद सांगते की सतराव्या शतकाच्या मध्यास हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो माणसांसाठी नव्हताच. वेळेआधी फुलणाऱ्या किंवा पिकणाऱ्या झाडांसाठी, फळांसाठी होता. लॅटिनमध्ये त्यातील पहिल्या भागाचा अर्थ 'आधी' आणि दुसऱ्याचा 'शिजवणे, पिकवणे'. येथून धातूच्या पानावर गेले की 'पेक्व्' असा पुनर्रचित, म्हणजे अभ्यासकांनी जुन्या भाषांच्या तुलनेतून रचलेला, धातू दिसतो आणि त्याखाली मांडलेले कुळ पाहून वर्गातील विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर जे कुतूहल उमटते ते यादी वाचताना कधीच उमटत नाही. कुक आणि किचन हे रोजचे शब्द तेथे आहेत. दोनदा भाजलेले ते बिस्किट आहे. भाजलेली माती ती टेराकोटा, आणि एकत्र शिजवून काढलेले म्हणून कल्पनेने रचलेले ते कन्कॉक्ट हेही आहे. उन्हात पिकलेले फळ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून निघालेला पम्पकिन आहे. एप्रिकॉट, म्हणजे आपला जर्दाळू, हा तर प्रीकोशसचा सख्खा भाऊ निघतो, कारण रोमन लोक या फळाला लवकर पिकणारे म्हणत आणि तेच नाव ग्रीक, अरबी अशी वळणे घेत इंग्रजीत पोहोचले. पचनाच्या विकाराला डिस्पेप्सिया म्हणतात, तोही याच घरातला.

याच पानावर संस्कृतमधील 'पक्व' हा शब्द नोंदलेला आहे. मराठी विद्यार्थ्याला येथे नव्याने काही पाठ करण्याची गरजच उरत नाही, कारण हे सारे कुळ त्याच्या घरात आधीपासून नांदत असते. पक्व, पिकणे, पाक, स्वयंपाक, पचन हे शब्द तो लहानपणापासून बोलत आला आहे. शिजणे, पिकणे आणि पचणे या तिन्ही क्रिया संस्कृतप्रमाणेच लॅटिन-ग्रीकमध्येही एकाच धातूभोवती फिरतात हे लक्षात आले, की डिस्पेप्सिया आणि प्रीकोशस हे दोन शब्द एकमेकांजवळ का उभे आहेत ते आपोआप समजते. प्रीकोशससाठी आपण 'अकालपक्व' म्हणतो. त्यातील 'पक्व' आणि इंग्रजी शब्दाचा उत्तरार्ध एकाच मुळाचे आहेत. याच कुळात 'पक्का' सुद्धा इंग्रजीत गेलेला आहे, आणि तो मात्र ब्रिटिश अमदानीत थेट हिंदुस्थानातून गेलेला आहे. म्हणजे एकाच धातूची एक शाखा रोममार्गे आणि दुसरी भारतातून अशा दोन वाटांनी इंग्रजीच्या कोशात येऊन भेटली.

असेच दुसरे पान 'ज्ञो' या धातूचे आहे. नो या अगदी साध्या क्रियापदापासून कॉग्निझंट, डायग्नोसिस, इन्कॉग्निटो, नटोरियस अशा चढत्या पायऱ्यांनी ते वाचकाला नेते, आणि शेजारी संस्कृतचा 'ज्ञा' आपल्याला ओळखीचा आधार देतो. अॅग्नॉस्टिक हा शब्द टी. एच. हक्सली या शास्त्रज्ञाने 1869 मध्ये घडवला. आपण त्यासाठी 'अज्ञेयवादी' म्हणतो, तेव्हा आरंभीचा नकारदर्शक 'अ' आणि नंतरचा 'ज्ञ' हे दोन्ही घटक त्या ग्रीक शब्दातील घटकांचे नातलग असतात. अनकूथ म्हणजे असंस्कृत, ओबडधोबड, हा शब्द याच घरात पाहून प्रथम आश्चर्य वाटते. पण त्याचा जुना अर्थ 'न जाणलेला, अनोळखी' असा होता आणि अनोळखी माणूस विचित्र, मग अशिष्ट असा तो अर्थ घसरत आला. पायाशी नाते सांगणारे पेडेस्ट्रियन, इम्पीड, एक्स्पिडाइट हे शब्द 'पद'जवळ, आणि विझन, आयडिया, विट हे 'वेद' व 'विद्या' यांच्याजवळ आणून ठेवले, की एका संध्याकाळी वीस-पंचवीस शब्द सहज आत्मसात होतात आणि ते टिकतात.

येथे एक खबरदारी घेतलीच पाहिजे, आणि शिक्षक म्हणून मी तिच्याबाबत आग्रही आहे. संस्कृत आणि लॅटिन-ग्रीक शब्दांमधील साम्य दिसले, की 'म्हणजे हे सगळे शब्द संस्कृतातूनच गेले' असा निष्कर्ष आपल्याकडे फार चटकन काढला जातो. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात या भाषांचे साम्य इतके दृढ असल्याचे म्हटले होते की त्या एका समान, कदाचित आज अस्तित्वात नसलेल्या उगमातून निघाल्या असाव्यात. त्यानंतरच्या अभ्यासाने हेच चित्र अधिक स्पष्ट केले आहे. पक्व आणि कुक ही भावंडे आहेत, त्यांत माय-लेकीचे नाते नाही. धातूच्या आधी लावलेले ताऱ्याचे चिन्ह तो धातू कोणत्याही लेखात सापडलेला नसून तुलनेने रचलेला आहे असे सांगते. एटिमऑनलाइन ही शिस्त सर्वत्र पाळते. विद्यार्थ्यानेही ती पाळावी.

केवळ कानाला सारखे वाटणारे शब्द नातलग असतातच असे नाही, हेही हे संकेतस्थळ फार चांगले शिकवते. इंग्रजी डे आणि आपला दिवस यांचे नाते असणारच असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात दिवस, देव आणि लॅटिनमधील दिवसवाचक शब्द हे एका कुळातले आहेत, आणि त्या लॅटिन शब्दापासून डायरी, डायअर्नल, जर्नल हे इंग्रजी शब्द निघाले आहेत. डे मात्र जर्मानिक भाषांतून आलेला वेगळा शब्द असून त्याचा या कुळाशी संबंध मानला जात नाही. त्याच्या मुळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत आणि नोंदीत ते मतभेद नावानिशी दिलेले आहेत. लॅटिनमधील डेउस आणि ग्रीकमधील थेऑस या दोन्ही देववाचक शब्दांचीही हीच गोष्ट आहे: पहिला 'देव'चा नातलग आहे, दुसरा नाही. म्हणून थिऑलॉजी शिकताना 'देव' आठवणे चुकीचे, आणि डीइटी शिकताना ते अगदी योग्य.

या प्रामाणिकपणामुळेच मी समाजमाध्यमांतून फिरणाऱ्या रंजक व्युत्पत्तींपेक्षा या संकेतस्थळावर अधिक विश्वास ठेवतो. पॉश या शब्दाची एक कथा आपल्याकडे हमखास सांगितली जाते: इंग्लंडहून हिंदुस्थानात येणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर श्रीमंत प्रवासी जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूच्या, उन्हाचा त्रास कमी असलेल्या खोल्या घेत, आणि त्या सूचनेच्या चार आद्याक्षरांतून हा शब्द झाला. कथा मुंबईच्या बंदराशी जोडलेली असल्यामुळे आपल्याला ती आवडते. एटिमऑनलाइन मात्र तिला पुरावा नसल्याचे स्पष्ट सांगते. सिन्सिअर या शब्दाबद्दलही तसेच. शिल्पातील दोष मेणाने न बुजवता केलेले काम म्हणजे 'मेणाविना', आणि म्हणून सिन्सिअर म्हणजे प्रामाणिक, ही कथा कित्येक भाषणांत ऐकायला मिळते. तिला भाषाशास्त्रीय आधार नाही असे नोंद सांगते. 'कदाचित', 'बहुधा', 'मूळ अज्ञात' हे शब्द या कोशात वारंवार येतात. परीक्षेसाठी वाचणाऱ्या मुलाला ते प्रथम अडचणीचे वाटतात, कारण त्याला एक पक्के उत्तर हवे असते. पण ज्ञानाची खात्री किती आणि कुठपर्यंत हे सांगणारा कोश हाताशी असणे ही मोठी गोष्ट आहे, आणि मुलांना त्याची सवय लवकर लागावी असे मला मनापासून वाटते.

आता मर्यादांकडे येतो. सर्वांत महत्त्वाची मर्यादा हार्पर यांनी स्वतःच प्रस्तावनेत सांगितलेली आहे: व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे. शब्द सहाशे किंवा दोन हजार वर्षांपूर्वी काय सांगत होता यावरून तो आज काय सांगतो हे ठरत नाही. इग्रीजियस या शब्दाचे उदाहरण यासाठी अगदी चपखल आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'कळपातून उठून दिसणारा' असा, आणि 1530च्या दशकात तो इंग्रजीत आला तेव्हा श्रेष्ठ, नामांकित, उत्कृष्ट अशा स्तुतीपर अर्थाने आला. त्याच शतकाच्या अखेरीस तो उपरोधाने वापरला जाऊ लागला आणि पुढे उपरोधच त्याचा अर्थ होऊन बसला; आज इग्रीजियस चूक म्हणजे कोणाच्याही नजरेत भरेल अशी घोर, अक्षम्य चूक. ज्याने केवळ मुळावरून अर्थ बांधला तो एखाद्या अर्जात आपल्या प्राध्यापकांना इग्रीजियस विद्वान म्हणून बसेल. कळपाच्या याच मुळापासून ग्रेगेरियस, काँग्रिगेट, सेग्रिगेट, अॅग्रिगेट हे शब्द निघाले आहेत आणि त्यांचे अर्थ मुळाशी बरेच सुसंगत राहिले आहेत, तेव्हा कुळ लक्षात ठेवणे फायद्याचेच आहे. मात्र प्रत्येक शब्दाचा आजचा अर्थ आणि वापर वेगळा तपासला पाहिजे.

तो तपासण्याची सोय येथे पुरेशी नाही. नोंदीत उच्चार देण्याची पद्धत नाही. ज्या मुलांनी हे शब्द कधी ऐकलेले नाहीत त्यांच्यासाठी ही उणीव गंभीर आहे. शब्द कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो, औपचारिक लेखनात चालतो की बोलण्यात, स्तुतीचा आहे की निंदेचा, हे सांगणारी आजची उदाहरणवाक्येही नसतात. म्हणून ऑक्सफर्ड लर्नर्स किंवा मेरियम-वेब्स्टर यांपैकी एखादा विनामूल्य ऑनलाइन कोश शेजारी उघडा ठेवावाच लागतो; दोन्हींवर उच्चार ऐकता येतो, आणि ऑक्सफर्ड लर्नर्समध्ये अर्थ सोप्या इंग्रजीत दिलेला असल्याने मराठी माध्यमाच्या मुलांना तो अधिक सोयीचा पडतो. माझा क्रम असा असतो: वाचताना शब्द अडला की आधी त्या वाक्यावरून अर्थाचा अंदाज, मग कोशातील अर्थ आणि उच्चार, आणि तिसऱ्या पायरीवर एटिमऑनलाइन. हा क्रम उलटा केला तर मुले मुळाच्या अर्थाला चिकटून बसतात आणि वाक्यातला अर्थ हातचा सुटतो.

भारतीय भाषांच्या नोंदींबाबत समाधान आणि असमाधान दोन्ही आहे. मंगूस या शब्दाच्या नोंदीत आपला मुंगूस मानाने उभा आहे: 1690च्या दशकात, बहुधा पोर्तुगीजांमार्फत, मराठीसारख्या भारतीय भाषेतून तो इंग्रजीत गेला असावा आणि त्याचे मूळ द्राविडी भाषांत असण्याचा संभव आहे, असे तेथे वाचायला मिळते. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील पोर्तुगीज वावर ठाऊक असलेल्या आपल्या वाचकाला हा मार्ग स्वाभाविक वाटेल. जगरनॉट, पंडित, अवतार, लूट यांच्या नोंदीही वाचनीय आहेत. परंतु संस्कृत रूपे साध्या रोमन लिपीत, उच्चारचिन्हे गाळून छापलेली असतात. त्यामुळे ट आणि त, श आणि ष, ऱ्हस्व आणि दीर्घ यांतील भेद नाहीसा होतो. 'तिष्ठति' हे रूप तेथे ज्या अक्षरांत लिहिलेले असते त्यावरून संस्कृत न शिकलेल्या मुलाला ते वाचता येणार नाही. शालेय संस्कृत झालेले विद्यार्थी ते ओळखतात, इतरांना शिक्षकाने फळ्यावर देवनागरीत लिहून द्यावे लागते. देवनागरी रूपांची भर पडली तर भारतीय वाचकांसाठी या कोशाची उपयुक्तता कितीतरी वाढेल.

फोनवर हे संकेतस्थळ ब्राउझरमधूनही चालते आणि त्याचे अॅपही उपलब्ध आहे. पाने मुख्यतः मजकुराची असल्यामुळे संथ जोडणीवरही काम होते. भाषा मात्र सोपी नाही. जुन्या भाषांची नावे, संक्षेपाने लिहिलेली शतके आणि अल्पाक्षरी वाक्ये यांची सवय होईपर्यंत प्रत्येक नोंद दोनदा वाचावी लागते, आणि त्यामुळे दहावीच्या आतील मुलांच्या हाती ते एकट्याने देऊ नये. परीक्षा महिन्यावर आलेल्यांनीही आता याच्या वाटेला जाऊ नये, कारण एका शब्दापाठोपाठ दुसऱ्याकडे जाताना वेळ कसा जातो ते कळत नाही. ज्यांच्या हाती सहा महिने किंवा वर्ष आहे त्यांनी मात्र शोधचौकटीत सुटे शब्द टाकत न बसता सुरुवात धातूंच्या पानांपासून करावी. पक्व, ज्ञा, पद, विद्, दंत, भर, स्था, मन या परिचित शब्दांची कुळे आधी घ्यावीत आणि प्रत्येक कुळासाठी वहीचे एक संपूर्ण पान राखून त्यावर वाचनात भेटेल तसा नवा शब्द, ज्या वाक्यात तो भेटला त्या वाक्यासह, लिहीत जावे.